दोना नाझिल्दाने न दिलेली कात्री

रोज सकाळी सव्वासहाला दोना नाझिल्दा, म्हणजे नाझिल्दाबाई, ऑपरेशन थिएटरात शिरे आणि दारातच उभी राहून एकेकाला सुप्रभात म्हणे. आधी टेबलाला, मग वरच्या मोठ्या दिव्याला, मग रक्त ओढणाऱ्या पंपाला. पंप म्हातारा होता, त्याची विचारपूस केली नाही तर तो दुपारी घरघरायचा. भिंतीवरच्या घड्याळाला ती "मेल्या" म्हणे, कारण ते चार मिनिटं पुढे होतं आणि कुणी कितीही मागे केलं तरी पुन्हा पुढे पळे. कोपऱ्यात हिरव्या उजेडाचं नवं यंत्र उभं असे. त्याच्यासमोरून मात्र ती मान वळवून जाई.

"याला का नाही?" एकदा भूल देणाऱ्या डॉक्टर बिराने विचारलंच.

"आमची ओळख कुठे झालीय?"

यंत्र येऊन तेव्हा तीन महिने झाले होते.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. थिएटरातले लोक अजूनही तिचं नाव काढताना आधी आवाज खाली करतात आणि मग हसतात. ब्राझीलमधल्या बेलेमच्या कर्करोग रुग्णालयात, बायकांच्या शस्त्रक्रियांमध्ये, डॉक्टरांच्या हातात हत्यारं द्यायचं काम तिने एकतीस वर्षं केलं. उंचीने बेताची, त्यामुळे टेबलाशी उभं राहायला पायाखाली लाकडी पाट लागे. दुपारच्या जेवणात तळलेला मासा, असाईच्या जांभळ्या फळांचा वाडगाभर घट्ट गर आणि त्यावर कसाव्याचं भरड पीठ. म्हणून दुपारनंतर मास्कच्या आत तिचे ओठ कायम जांभळे असत. ते कुणाला दिसत नसत, पण सगळ्यांना माहीत असे.

मी तेव्हा त्याच रुग्णालयात, डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या शस्त्रक्रियांच्या नोंदी टाइप करत असे आणि राहायला तिच्याच घराच्या मागच्या खोलीत होते. त्यामुळे प्रत्येक शस्त्रक्रिया मला दोनदा कळे. एकदा डॉक्टरांच्या आवाजात, अवघड नावांसकट. आणि एकदा नाझिल्दाच्या, तळलेल्या माशासकट. दुसरी बहुधा जास्त खरी असे.

तिची एक खोड सगळ्या रुग्णालयाला ठाऊक होती. डॉक्टर हात पुढे करून काहीतरी मागत, आणि ती त्या हातात काहीतरी ठेवी. बहुतेक वेळा ते मागितलेलंच असे. पण डॉक्टर घाई करतोय असं तिला वाटलं, की कात्रीच्या जागी बोथट चिमटा हातात पडे. डॉक्टर वर पाही. नाझिल्दाचे डोळे मास्कवरून त्याच्याकडे इतके भोळेपणाने बघत, की रागावणारा स्वतःच ओशाळे.

"चुकलं का? वय झालं हो."

हे ती तिशीपासून म्हणत आली होती. तेवढ्या अवधीत डॉक्टरला कापायच्या जागेकडे दुसऱ्यांदा बघावं लागे. तिला हवं असे ते एवढंच.

यंत्राबरोबर डॉक्टर तैनारा आली. साओ पाउलोत शिकलेली, चौतीस वर्षांची, हाताची हलकी, बोलायला गोड. नाझिल्दाची तिच्याबद्दल एकच तक्रार होती, पण ती गंभीर होती.

"असाईत साखर घालते," ती मला म्हणाली. "साखर! वर केळं कापून. मी डोळ्यांनी पाहिलं."

"तिकडे तसंच खातात, दोना नाझिल्दा."

"तिकडे खाऊ दे की. इथे माझ्यासमोर?"

यंत्राचं काम चांगलं होतं, हे तीही मनातून जाणून असावी. गर्भाशयाच्या दोन्ही अंगांनी मूत्रवाहिन्या उतरतात, सुतळीएवढ्या जाड, फिकट, भोवतालच्या पडद्यांत अशा मिसळून गेलेल्या की त्या आहेत हे माहीत असूनही दिसत नाहीत. कर्करोगासाठी गर्भाशय काढताना त्यातली एखादी कापली जाईल ही धास्ती मुरलेल्या सर्जनलाही सुटत नाही. नव्या पद्धतीत लघवीच्या वाटेने एक बारीक नळी मूत्रवाहिनीत सरकवायची, तिच्यातून हिरवं औषध सोडायचं आणि पोटात घातलेल्या दुर्बिणीतून खास उजेड टाकायचा. मग यंत्राच्या पडद्यावर सारं पोट करडं दिसतं आणि मूत्रवाहिनी तेवढी हिरवी पेटते.

पहिल्यांदा ते पाहून नाझिल्दा म्हणाली, "लग्नघराची रोषणाई." औषध सलाईनमध्ये चालत नाही, नुसत्या निर्जंतुक पाण्यातच कालवावं लागतं, हे कळल्यावर म्हणाली, "नखरे तरी किती!" आणि मग तिने सगळ्यांसमोर वाटणी जाहीर केली. "हत्यारं माझी. रंगरंगोटी तुमची. त्या सिरिंजला मी हात लावायची नाही."

तैनारा हसली. "बरं, दोना नाझिल्दा. रंगाचं मी बघते."

या वाटणीवर तीन महिने सुखाने गेले. मग जोवेंतीना आली.

जोवेंतीना माराजो बेटावरून बोटीने आली होती. पंचावन्न वर्षांची, म्हशीच्या दुधाचं चीज करणारी, मनगटं पुरुषासारखी. गर्भाशयात कर्करोग होता. आधीच्या दोन शस्त्रक्रियांमुळे पोटात सगळं एकमेकाला चिकटलेलं होतं. आणि मूत्रपिंड एकच होतं, उजवं. डावं तिने नऊ वर्षांपूर्वी धाकट्या भावाला दिलं होतं. तो भाऊ, अदेल्सों, खाटेशेजारी बसून होता. धिप्पाड आणि रडका.

"मूत्रपिंड एक, म्हणजे खाली येणारी नळीही एक," तैनाराने शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी समजावलं. "तिला धक्का लागला तर मूत्रपिंड हातचं जाईल. मग आठवड्यातून तीनदा रक्त धुवायच्या मशीनवर यावं लागेल."

बेटावर तसं मशीन नव्हतं. जोवेंतीना म्हणाली, "म्हणजे मला इथं शहरात राहावं लागेल. मग म्हशींचं कोण बघणार?"

अदेल्सोंने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "काही झालं ना डॉक्टर, तर माझ्यातलं काढा आणि तिला परत द्या."

नाझिल्दा दुसऱ्या दिवशीची यादी घेऊन तिथेच उभी होती. "दिलेला माल आम्ही परत घेत नाही," ती म्हणाली. "नऊ वर्षं वापरलेला तर नाहीच नाही. बीअर पितोस?"

"सोडली, दोना."

"कधी?"

अदेल्सोंने खिडकीबाहेर पाहिलं. "काल."

"माझ्या मूत्रपिंडाला बीअर पाजतोस होय रे, गाढवा?" जोवेंतीना म्हणाली, आणि दाखल झाल्यापासून पहिल्यांदा हसली. अदेल्सोंही रडता रडता हसला. नाझिल्दाने यादीवर काहीतरी खूण केली आणि निघून गेली. नंतर ती मला म्हणाली, की म्हशींबद्दल विचारणाऱ्या बाईची तिला धडकी भरली. "स्वतःसाठी रडणाऱ्या बाईला धीर देता येतो गं. हिला काय देऊ?"

त्याच आठवड्यात, मंगळवारी आणि बुधवारी, दुसऱ्या डॉक्टरांनी ते यंत्र आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी वापरलं होतं. तिथे तेच हिरवं औषध शिरेत देतात, म्हणजे आतड्याला रक्त पोचतंय की नाही ते दिसतं. दोन्ही दिवस ते शिरेत देणारा होता बिरा.

गुरुवारी सकाळी जोवेंतीनाला भूल दिली. तैनाराने लघवीच्या वाटेने बारीक नळी त्या एकुलत्या मूत्रवाहिनीत बसवली. एरवी ती तिथेच औषधही सोडी. त्या दिवशी तिचा हातमोजा फाटला. पुन्हा हात धुवायला जाता जाता ती म्हणाली, "हिरवं सोडून घ्या."

कुणाचं नाव घेतलं नाही. आता, त्या थिएटरात एक जुना रिवाज होता, कुठे लिहिलेला नव्हता पण सगळे पाळत. नाव न घेता सांगितलेलं काम नाझिल्दाचं. दिवा सरकवणं असो, माशी हाकलणं असो, नाव नाही म्हणजे नाझिल्दा. तिने ते ऐकलं. ऐकून ती आपल्या कात्र्या ओळीत लावत राहिली. रंगरंगोटी तिची नव्हती.

डोक्याच्या बाजूला बसलेल्या बिराने मात्र हिरव्याचं नाव ऐकलं, सिरिंज उचलली आणि आदल्या दोन दिवसांसारखं शिरेत दिलं. "सोडलं," तो म्हणाला. दारातून परतणाऱ्या तैनाराने ते ऐकलं आणि ती समाधानाने टेबलाशी आली.

पुढचा तासभर चिकटलेली आतडी सोडवण्यात गेला. मग तैनाराने साधा उजेड बंद करून हिरवा लावायला सांगितला. पडदा करडा झाला. वर, उजव्या कोपऱ्यात, एक हिरवी वळणदार पट्टी चमकली.

"ती बघा," तैनारा म्हणाली. तिच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. "चिकटलेल्या आतड्यांनी वर ओढून नेलीय. म्हणजे खालची जागा मोकळी आहे." गर्भाशयाच्या अंगाला व्रणांच्या गुंत्यात एक करडा दोर होता. "हा नुसता जुना व्रण. कात्री."

नाझिल्दाने तिच्या हातात लांब दांड्याचा बोथट चिमटा ठेवला.

"दोना नाझिल्दा. कात्री."

"चुकलं का? वय झालं हो." तिने चिमटा काढून घेतला आणि तोच चिमटा परत ठेवला.

एकदा हातात भलतंच पडणं हे सगळ्यांना सवयीचं होतं. दोनदा तसं कधी झालं नव्हतं. बिराने फुटबॉलची रटाळ चर्चा चाललेला रेडिओ बंद केला.

"डॉक्टरबाई," नाझिल्दा म्हणाली, "त्या दोराला जरा गुदगुल्या करा."

"तो हिरवा नाहीये."

"मीही हिरवी नाही. मला होतात गुदगुल्या."

तैनाराने मान हलवली, पण चिमटा हातात होताच. तिने त्याच्या टोकाने करड्या दोराला हलकेच टोचलं. काही झालं नाही. मग दोर आखडला, आणि त्याच्या अंगातून एक लाट सरकत गेली, पानावरून सुरवंट जावा तशी, अजिबात घाई नसलेली. तिने पुन्हा टोचलं. पुन्हा लाट गेली. व्रण कधी असा चालत नाही; टोचल्यावर अशी वळवळते ती मूत्रवाहिनी.

"एग्वा," बिरा म्हणाला. बेलेममध्ये आश्चर्य, भीती आणि भूक या तिन्हींना हा एक शब्द पुरतो.

"म्हणजे वर एक हिरवी आणि खाली एक वळवळणारी," नाझिल्दा म्हणाली. "एका मूत्रपिंडाच्या बाईला दोन नळ्या. हिच्या भावाला सांगू नका, दुसरीही मागेल."

 तैनाराने दोन्ही हात पोटापासून वर घेतले आणि हवेत धरले. "हिरवं नळीत कुणी सोडलं?" तिने हळू विचारलं.

"नळीत?" बिराचा आवाज डोक्याकडच्या कापडी पडद्यामागून आला. "मी शिरेत दिलं. मंगळवारसारखं."

शिरेतून दिलेलं ते औषध यकृत गोळा करतं आणि पित्ताबरोबर आतड्यात ओततं. मूत्रपिंडाच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही. वर चमकत होतं ते आतडं होतं. जोवेंतीनाची मूत्रवाहिनी चिमट्याच्या टोकाशी अंधारात होती, आणि कात्रीपासून तिला वाचवलं होतं ते एका हट्टाने.

तो हट्ट करणारी मात्र पाटावर उभी राहून मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या देत होती. हे तिने मला संध्याकाळी सांगितलं, आणि सांगताना माशाचे काटे काढत राहिली, वर पाहिलं नाही. थिएटरात ती एवढंच म्हणाली, "नाव न घेता सांगितलेलं काम माझं असतं. मी ऐकलं होतं. रुसून बसले होते."

"मी नाव घेतलं नाही," तैनारा म्हणाली.

"मी विचारलं नाही," बिरा म्हणाला.

"झालं? तिघांनी वाटून घेतलं?" नाझिल्दा म्हणाली. "बाटलीत किती उरलंय?"

निम्म्याहून जास्त उरलं होतं, आणि कालवून दोन तासही झाले नव्हते. वरकामाच्या नर्सने बाटली उलटी धरली, नाझिल्दाने नव्या सिरिंजमध्ये औषध ओढलं, पाटावरून उतरली आणि पायांच्या बाजूला नळीच्या टोकाशी जाऊन बसली.

"हळू," तैनारा म्हणाली.

"एकतीस वर्षं हळूच आहे मी."

तिने दट्ट्या दाबला. पडद्यावर करडा दोर करडाच राहिला, एक क्षण, दोन क्षण. मग खालून वर तो उजळत गेला, गल्लीत ओळीने दिवे लागत जावेत तसा. व्रणांच्या गुंत्यातून तो नेमका कुठून वळतो, कुठे गर्भाशयाला खेटून जातो, सगळं दिसलं. तैनाराने जिथे कात्री मागितली होती ती जागा त्या हिरव्या रेषेच्या अगदी मधोमध होती.

नाझिल्दा हातमोजे बदलून पाटावर परत चढली. पडद्याकडे तिने बराच वेळ बघितलं. "दिसायला बरी आहे," ती म्हणाली.

मग तीन तास नुसतं काम चाललं. मूत्रवाहिनी सुटी करून बाजूला घेतली गेली, गर्भाशय निघालं. मागितलेली प्रत्येक वस्तू मागितल्याबरोबर हातात पडली.

दुपारी वॉर्डात अदेल्सोंची किंकाळी ऐकू आली. लघवीच्या पिशवीत हिरवट पाणी साठत होतं. तो खाट धरून उभा होता. "दोना! हे काय झालं हिला?"

नाझिल्दाने पिशवी निरखून पाहिली. "जांबूचा पाला फार खाल्ला होता का हिने?"

"परवा खाल्ला. त्याच भाजीचा रस्सा प्यायलो आम्ही बाजारात. दोन वाडगे."

"मग बरोबर. ओठ बधिर करतो तो पाला, आत जाऊन काय करत असेल विचार कर."

त्याने ते खरं मानलं. पुढे बोटीवर त्याने ते सगळ्यांना सांगितलं, आणि माराजोवरची काही माणसं त्यानंतर महिनाभर जांबू खात नव्हती म्हणे. पण त्या दुपारी नाझिल्दाची पाळी संपली होती तरी ती खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिली. थेंब पडत होते. पिशवी शंभरच्या रेघेला आली, मग दोनशेच्या. तीनशेच्या रेघेला ती उठली, तेव्हा पिशवीतला रंग पिवळा होत चालला होता.

दुसऱ्या दिवशी तैनाराची नोंद माझ्याकडे आली. तिने काही लपवलं नव्हतं. औषध चुकीच्या मार्गाने गेलं, सूचना कुणाचं नाव न घेता दिली होती, सगळं होतं. मी टाइप करत असताना नाझिल्दा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली.

"माझं कुठे आहे?"

"तुम्ही चिमटा दिलात ते आहे की. दोनदा."

"ते नको. त्याखाली लिही, हत्यारं देणाऱ्या बाईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं."

"नोंदीत असं लिहीत नाहीत, दोना नाझिल्दा."

"शहाणी माणसं लिहितात ना नोंदी, म्हणून. तू लिही."

मी लिहिलं. तैनाराने ते वाचलं, पेन जरा वेळ हवेत धरलं आणि सही केली. त्या आठवड्यापासून थिएटरात नवा नियम आला. औषध सोडणाऱ्याने आधी रुग्णाचं नाव घ्यायचं, मग मोठ्याने "नळीत" किंवा "शिरेत" म्हणायचं, आणि ते ऐकल्याशिवाय सिरिंज कुणाला मिळायची नाही. सिरिंज आता नाझिल्दाकडे असे.

"रंगाचं मी बघणार होते ना?" तैनाराने एकदा डिवचलं.

"नको. साखर घालाल त्यात."

हिरवं औषध पाण्यात कालवताना ती बाटली कुणाला हलवू देत नसे. बिराला तर ती बाटलीपासून तीन पावलं दूर उभं करी आणि रोज विचारी, "आज वार कुठला, डॉक्टर?" बिरा निमूटपणे वार सांगे. मंगळवार असला की सगळं थिएटर हसे.

पुढच्या वर्षी मे महिन्यात जोवेंतीना तपासणीसाठी आली. कर्करोगाचा मागमूस नव्हता आणि मूत्रपिंड चोख होतं. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती अदेल्सोंला घेऊन नाझिल्दाच्या घरी आली, केळीच्या पानात बांधलेलं चीज घेऊन. आम्ही चौघं मागच्या अंगणात जेवलो. अदेल्सोंने बीअर मागितली नाही. नाझिल्दाने देऊ केली, तेव्हा त्याने आधी बहिणीकडे पाहिलं आणि मग नको म्हटलं. जोवेंतीनाने दोन म्हशी व्यायल्याचं सांगितलं, एकीचं नाव नाझिल्दा ठेवलंय म्हणाली.

"दूध देते?"

"लाथा मारते."

"मग बरोबर ठेवलंयस."

जेवण जड झालं होतं. नाझिल्दा व्हरांड्यात टांगलेल्या झोळीत आडवी झाली, पाय एका बाजूने खाली सोडून, ओठ जांभळे. दुपारच्या त्या झोपेतून ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, तिला कळलंही नसेल. पण ते झालं चार वाजता. त्याआधी, दोनच्या बोटीची वेळ झाली तेव्हा पाहुण्यांनी निरोप घेतला. जोवेंतीनाने पिशवी खांद्याला लावली आणि ती फाटकापर्यंत गेली. नाझिल्दाने झोळीतून एक डोळा उघडला.

"अगं, बोटीवरचा संडास घाण असतो. इथेच जाऊन ये."